कोवळ्या ताऱ्यांसाठी कोणती दुर्बीण: चंद्रा की एक्सएमएम-न्यूटन?

एमएस्सीच्या प्रकल्पाला तारकानिर्मिती घेतली आणि क्ष-किरणांचा डेटा वापरायचं ठरवलं, की बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन्ही दुर्बिणी १९९९ मध्ये अवकाशात गेल्या, दोघींचीही जुनी निरीक्षणं फुकट मिळतात. स्वभाव मात्र अगदी वेगळे.

चंद्राची नजर तीक्ष्ण, अर्ध्या आर्कसेकंदाची; आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग. (नाव चंद्रावरून नाही, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून.) मृग नक्षत्रात बाणाजवळ जो धुरकट ठिपका दिसतो, त्या तेजोमेघात तारे दाटीवाटीने जन्मतात. जानेवारी २००३ मध्ये चंद्राने तिथे एकूण जवळपास दहा दिवस टक लावली आणि १,६०० हून जास्त स्रोत सुटे करून दाखवले. त्यातले बहुतेक कोवळे तारे. चुंबकीय खळबळीमुळे सूर्याएवढा कोवळा तारा क्ष-किरणांत आजच्या सूर्याच्या साधारण हजारपट तळपतो, आणि जास्त ऊर्जेचे किरण धूळ भेदून बाहेर येतात. ज्यांच्या भोवतीची धुळीची तबकडी विरून गेली, ते तारे अवरक्त चित्रात चारचौघांसारखे दिसून निसटतात. क्ष-किरणांत ते बरोबर सापडतात, आणि माझ्या मते हा सगळा खटाटोप करायचा तो यासाठीच.

एक्सएमएमने तोच तेजोमेघ पाहिला, तर मधले ट्रॅपेझियम या चौकडीचे ठळक तारे एकमेकांत मिसळून जातात. पण तिच्याकडे तीन दुर्बिणी आहेत, प्रत्येकीत एकात एक बसवलेले ५८ आरसे. चंद्रापेक्षा कितीतरी जास्त फोटॉन गोळा होतात, म्हणून वर्णपट भरघोस येतो. एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडाही पौर्णिमेच्या चंद्राएवढा. वृषभ राशीतला मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, तिथले तारे ऐसपैस विखुरलेले. तिथे हीच घ्यावी. शिवाय चंद्राच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेल्याने तिची कमी ऊर्जेची बाजू आता मंदावली आहे.

भारताची अवकाश वेधशाळा अ‍ॅस्ट्रोसॅट का नको? तिच्यावरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडली, त्यामुळे मोह होतोच. पण तिची नजर आर्कमिनिटांची (एक आर्कमिनिट म्हणजे साठ आर्कसेकंद), तारकागुच्छात तिचा निभाव लागत नाही. एकट्या, ठळक ताऱ्याची ज्वाला अतिनील आणि क्ष-किरणांत एकाच वेळी पाहायची असेल, तर जरूर घ्या.

ठरत नसेल तर आधी मेघाचा अवरक्त नकाशा उघडा आणि शेजारी ताऱ्यांमधलं अंतर मोजा. पंधरा आर्कसेकंदांच्या आत असेल, तर एक्सएमएमला ते नीट सुटे दिसणार नाहीत, चंद्राच घ्या.