आत्याची मतपत्रिका, आमचं मशीन

2022 ला आमच्या आत्यानं सांवेरकडच्या गावात पंचायतीसाठी कागदावर मत दिलं अन् आम्ही 6 जुलैला इंदूरात महापालिकेसाठी मशीनवर. कागदावर शिक्का बरोबर चिन्हावर मारायचा, शाई वाळू द्यायची, आणि घडी नीट नाही घातली तर डाग दुसऱ्या चिन्हावर उमटतो, म्हणून आत्या फुंकर मारत उभी होती, मागून लोक घाई करत होते तरी! मशीनवर ती भानगडच नाही, बटण दाबलं की लाल लाईट. पण महापौर आणि पार्षद म्हणजे नगरसेवक, अशी दोन मतं असतात, कितीतरी जण एकच देऊन निघतात. मला मशीनच बरं वाटतं, मत बाद व्हायची भीती नाही, पण आत्याला मात्र पेटीत कागद स्वतःच्या हातानं टाकल्याशिवाय मत दिल्यासारखंच वाटत नाही.