तपकीर गल्ली, पिशवीत पाइपाचा तुकडा घेऊन

भाच्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अवकाशयोद्ध्यांचं नाटक बसतंय. उजळणारी, हवेत फिरवली की घूंऽऽ करणारी तलवार हवी म्हणे, आणि त्याने बाईंना परस्पर सांगून टाकलं, "आमची आत्या करते." मूठ घरातल्या उरलेल्या ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपाची, २५ सेंटिमीटर लांब. बाकी सामानासाठी पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.

गाडी नेऊ नका. मी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेले.

पहिल्या दुकानातल्या काकांनी माझ्या यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "पाइप द्या आधी." व्यास मोजायचा व्हर्नियर लावला. आतून साडेसत्तावीस मिमी. मग एकेक वस्तू पाइपाच्या तोंडाशी धरून बघत गेले. आर्डुइनो नॅनो, म्हणजे तलवारीचा मेंदू असलेला छोटा सर्किट बोर्ड, १८ मिमी रुंद, जातो. पण पिना सोल्डर केलेला बाजूला ठेवून बिनपिनांचा काढला, कारण पिनांमुळे उंची वाढते. १८६५० हा चार्ज होणारा सेलही १८ मिमी जाडीचा, म्हणजे दोघं शेजारी शेजारी मावणार नाहीत, एकामागे एकच. २८ मिमीचा स्पीकर अर्ध्या मिलिमीटरने अडला. काका म्हणाले, "एंड कॅपमध्ये बसवा की! ती पाइपाच्या बाहेरून चढते." दोन दिवस मी याच स्पीकरवर डोकं फोडत होते.

पातं मला पांढरं हवं होतं. "ताई, पात्यात ४८ एलईडी. पूर्ण पांढऱ्याला एकेक ६० मिलिअँपिअर खातो. तीन अँपिअर झाले जवळजवळ. नुसता निळा ठेवा, एकात भागेल." ठेवला निळा. नॅनो, आवाज वाजवणारा डीएफप्लेअर मिनी, हालचाल ओळखणारा एमपीयू ६०५० आणि टीपी ४०५६ चार्जर, सगळं मिळून सहाशेच्या आत. या दुकानाला पाच तारे.

सेल तिथे संपले होते, म्हणून चार दुकानं पुढे गेले, आणि तिथे फसले. सेलवर चक्क '९९०० एमएएच' (सेलची साठवणक्षमता) छापलेलं. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास जातो, हे मला माहीत असायला हवं होतं. पण गर्दी, घाई. तालमीत सहाव्या मिनिटाला तलवार विझली. घरी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला तर २७ ग्रॅम! जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला काढून ठेवला तर ४५, म्हणजे नव्यात आत माल कमीच. परत करायला गेले तर उत्तर तयार: "विकलेला माल परत नाही." या दुकानाला एक तारा, तोही द्यावा लागतो म्हणून.

जोडणी सनबोर्डच्या पट्टीवर केली. सेल, चार्जर, नॅनो, डीएफप्लेअर अशी रांग, आणि अख्खी पट्टी ड्रॉवरसारखी पाइपात सरकते. दुरुस्तीला कॅप काढून ओढली की झालं. स्पीकरमधून सारखी चरचर यायची. नॅनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्सला (संदेश घेणाऱ्या पिनेला) जाणाऱ्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घातल्यावर बरीच थांबली. चार्जिंगचं भोक मात्र मी बटणाच्या बाजूलाच पाडलं. हात नेमका त्यावर येतो, आणि भाचा रोज एकदा तरी ते ऐकवतो.

आता भाचीला जांभळी हवी आहे. ४० मिमीच्या पाइपाचा तुकडा कापून पिशवीत टाकलाय. सेल काकांकडे आले का, तेवढं फोन करून विचारते.