ॲमस्टरडॅमच्या कालव्यावरचं आलिशान घर आणि आमचे गेलेले साडेपाच हजार युरो

नोकरीसाठी ॲमस्टरडॅमला येणार असाल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा. घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, आम्हालाही होतं. आमचा माणूस त्या घरात जाऊन, नळ सोडून, खिडक्या उघडून आला होता. तरी पैसे गेले.

नवऱ्याला इथल्या कंपनीची ऑफर आली तेव्हा आम्ही पुण्यात, जॉइनिंग तोंडावर, आणि राहायला घर नाही. इथे पत्ता म्हणजे नुसती डोकं टेकायची सोय नसते. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्तेमध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेत, नाव नोंदवायचं, त्यातून बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, आणि तो नंबर कंपनीला दिला नाही तर पगारातून ५२ टक्के टॅक्स कापतात. नंतर हिशोब होतो म्हणे, पण घरभाडं काय नंतरच्या हिशोबावर भरता येतं का. त्यात बऱ्याच जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं, रजिस्ट्रेशन मिळणार नाही. त्यामुळे 'रजिस्ट्रेशन शक्य' हे दोन शब्द दिसले की नवीन माणूस तिथेच थांबतो. हे भामट्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

तर अशी एक जाहिरात दिसली. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे जे मधले मोठे कालवे आहेत (हा सगळा पट्टा २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे) त्यातल्या एकावर, सतराव्या शतकातलं व्यापाऱ्याचं घर, समोरून अरुंद, आत लांबलचक खोल, वर टोकाला सामान ओढून घ्यायचा हूक अजून तसाच, आणि आतला एक मजला पूर्ण नवा केलेला. जुन्या तुळया उघड्या ठेवलेल्या, ओकची जमीन, खालून गरम होणारी फरशी, इंडक्शन, फर्निचर सगळं. ८० चौरस मीटर, भाडं १,८५० युरो. त्या भागात असं घर तीन हजारांच्या पुढेच जातं, हे आम्ही एजंटला विचारलं सुद्धा.

त्याचं उत्तर तयार होतं. घर रैक्समोन्युमेंट आहे, म्हणजे राष्ट्रीय स्मारक, त्यामुळे परवानगीशिवाय खिडक्या बदलता येत नाहीत, थंडीत हीटिंगचं बिल जास्त येतं, लिफ्ट नाही, जिना उभा, लहान मुलंवाले घेत नाहीत, म्हणून मालकाला कमी भाडं चालतं पण माणसं चांगली हवीत. एकदम पटण्यासारखं. स्मारकांच्या सरकारी नोंदवहीची लिंकही पाठवली, ती खरी होती. आता इथे राहून कळलंय की घराला गुण देऊन भाडं ठरवायच्या पॉइंट पद्धतीत जुलै २०२४ पासून अशा स्मारकाला उलट ३५ टक्क्यांपर्यंत जास्त भाडं लावायची मुभा आहे! पण पुण्यात बसून हे कुणाला माहीत असणार.

नवऱ्याचा कॉलेजचा मित्र इथे जवळच अॅम्स्टलफेनला असतो, तो शनिवारी बघायला गेला. आतून व्हिडिओ कॉल. "अरे भारी आहे रे, आपल्या शनिवार पेठेतल्या वाड्यासारख्या तुळया आहेत वर, फक्त जिना बघ हा, दोरी धरून चढावं लागतंय." एजंट सुटाबुटातला, इंग्रजी उत्तम, घराचा इतिहास तोंडपाठ. मित्र वर जाताना एक जोडपं बघून खाली उतरत होतं, हा निघाला तेव्हा तिसरे लोक दारात उभे. म्हणजे घाई करायला हवी असं आपोआपच वाटतं, कुणी सांगावं लागत नाही.

मग काँट्रॅक्ट आलं. मालकाचं नाव काडास्टरला, म्हणजे जमीन-घरांच्या नोंदणी खात्यात, तपासलं. थोडे युरो भरले की कुणालाही बघता येतं. नाव जुळलं. एजन्सीचा व्यापार नोंदणी क्रमांक तपासला, कंपनी खरी निघाली. डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि वर एजंट म्हणतो की जुलै २०२३ च्या कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही, आम्ही नियमाने चालतो. ते पण खरं आहे. एक महिन्याचं भाडं अधिक दोन महिन्यांचं डिपॉझिट, ५,५५० युरो.

अहो काडास्टरवर तुम्ही नाव बघू शकता तर भामटा पण बघू शकतो. खऱ्या मालकाचं नाव तिथून उचललं, खऱ्या एजन्सीचा नंबर तिच्या वेबसाइटवरून उचलला, आणि आम्ही जे जे तपासलं ते सगळं खरंच होतं. खोट्या होत्या दोनच गोष्टी, तो माणूस आणि बँकेचं खातं. म्हणून माझं म्हणणं आहे की घर कितीही तपासा, त्याने काही सिद्ध होत नाही. पैसा कुणाच्या खात्यात चाललाय ते बघा.

खातं नेदरलँड्सचं नव्हतं. इथल्या आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात एनएल अशी असते, हा दुसऱ्याच देशाचा होता आणि नावही मालकाचं नाही, एका 'प्रॉपर्टी मॅनेजमेंट' फर्मचं. कारण काय, तर मालक परदेशात असतो, भाडं ही फर्म गोळा करते. आता इथल्या बँकेतून पैसे पाठवताना खात्याचं नाव आणि नंबर जुळतो का ते ॲप लगेच सांगतं. आम्ही पाठवले पुण्यातून, परदेशात पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून, स्विफ्टने. तिथे असं काही दिसत नाही, बँकेने फक्त पैसे कशासाठी पाठवताय ते विचारलं.

बॅगा घेऊन त्या दारात उभे राहिलो. एजंटने चावी द्यायला येतो म्हटलं होतं, त्याचा फोन बंद. बेल वाजवली तर एका स्पॅनिश कुटुंबाने दार उघडलं. ते सुट्टीला आलेले, चार रात्रींचं बुकिंग. त्यांच्याकडून खऱ्या मालकाचा नंबर मिळाला. तो बिचारा चांगला माणूस. घर पर्यटकांना देतो, तेही नियमात राहून (२०१९ मध्ये इथे वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आली). आमच्या मित्राने घर बघितलं त्या वीकेंडला ते एका 'बिझनेसमन'ने घेतलं होतं. म्हणजे दोन रात्रींचं भाडं भरायचं, दिवसभर लोकांना घर दाखवायचं आणि सोमवारी प्रत्येकाला वेगवेगळं काँट्रॅक्ट पाठवायचं. जिन्यात भेटलेलं ते जोडपं पण आमच्यासारखंच असणार.

मित्राने व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवला होता. नंतर तो परत परत बघितला. पलंगावर एकसारख्या घड्या केलेले पांढरे टॉवेल. फ्रिजवर लॅमिनेट केलेला वायफायचा कागद. एक कपाट कुलूपबंद. आणि एजंट स्वयंपाकघरात दिव्याचं बटण शोधतोय, हात भिंतीवर फिरतोय, सापडतच नाही. सुटातला माणूस, चारशे वर्षांचा इतिहास पाठ, आणि बटण माहीत नाही. मित्राला फार लागलंय हे, पण त्याची काही चूक नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण काही नातेवाईकांनी त्यालाच बोल लावले.

अजून एक, काँट्रॅक्ट एक वर्षाचं होतं. १ जुलै २०२४ पासून इथे नवीन भाडेकरार कायमचाच करावा लागतो, विद्यार्थी वगैरे काही अपवाद सोडून. म्हणजे नोकरदार जोडप्याला कुणी एक वर्षाचा करार दिला तर तो कुठल्या अपवादात बसतो ते विचारा, सांगता आलं नाही तर तो माणूस एकतर कायदा मोडतोय नाहीतर खोटा आहे.

पोलिसात आनखिफ्ते, म्हणजे तक्रार, दिली. ऑनलाइन द्यायला डिजीडी, म्हणजे इथलं सरकारी लॉगिन, लागतं, ते बीएसएनशिवाय मिळत नाही, म्हणून ०९००-८८४४ वर फोन करून वेळ घेतली आणि ठाण्यात गेलो. भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण नोंदवलं. बँकेने पैसे परत मागवायचा मेसेज पाठवला, उत्तर आलं की खात्यात शिल्लक नाही. साडेपाच हजार युरो म्हणजे पाच लाखांच्या वर गेले आणि हॉटेलचा खर्च वेगळा.

कुणी घर दाखवलं तर दुसऱ्यांदा बघायला मागा, आठवडा सोडून, वारही तुम्ही सांगा. दोन रात्रींसाठी घर घेतलेल्या माणसाला ते जमत नाही, तो कारणं सांगेल. खालच्या मजल्याची बेल वाजवून इथे कोण राहतं विचारा, डच लोक तुटक बोलतात पण सांगतात. एजन्सीला फोन करायचा तर काँट्रॅक्टवरच्या नंबरवर करू नका, स्वतः शोधून त्यांच्या ऑफिसच्या नंबरवर करा. आम्ही नंतर केला, तिथल्या बाईंना आमच्या एजंटचं नावही माहीत नव्हतं. पैसे चावी हातात पडताना, आणि एनएलच्या खात्यात.

आणि ऑफर लेटरवर सही करायच्या आधीच एचआरकडे पहिल्या एक-दोन महिन्यांचं तात्पुरतं घर मागा, पत्ता नोंदवता येईल असं, आणि ते लेखी घ्या. सही झाल्यावर मागितलं तर तुम्हाला फक्त वेबसाइटची यादी पाठवतात, आम्हाला तीच पाठवली होती.