लुआंग प्रबांगच्या बाजारातला चिकट भात, नक्की खा

लाओसला लुआंग प्रबांगला जाणार असाल तर एक दिवस हॉटेलचा ब्रेकफास्ट सोडा आणि सकाळीच राजवाड्याच्या म्युझियमशेजारच्या गल्लीत भरणाऱ्या बाजारात जा. आपल्याकडचे बरेच जण बँकॉकला मँगो स्टिकी राइस खाऊन येतात आणि मग त्यांना वाटतं की हा भात म्हणजे गोडाचाच प्रकार. तो मस्तच लागतो, नारळाच्या दुधात किंचित मीठ असतं ना त्यामुळे आंबा अजून खुलतो, पण लाओसमध्ये हा रोजचा भात आहे, सकाळ-संध्याकाळ हाच.

तांदूळ रात्रभर भिजवतात आणि बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून नुसत्या वाफेवर शिजवतात, पाण्यात नाही, त्यामुळे गिच्च गोळा होत नाही, दाणा दिसतो आणि बोटांनी दाबला की चिकटतो. झाकणवाल्या छोट्या टोपलीत गरमागरम मिळतो. लहान गोळा तोडायचा, बोटांनी जरा चपटा करायचा आणि जेओ बोंगमध्ये बुडवायचा. ही तिथली भाजलेल्या मिरचीची गोडसर तिखट चटणी, आपल्या ठेच्यासारखी जाळ नाही पण चव जिभेवर रेंगाळते. व्हेज लोकांनी मात्र आधी विचारा, यात म्हशीचं कातडं घालतात आणि बाकी बऱ्याच पदार्थांत माशाचं आंबवण असतं. आणि टोपलीचं झाकण लगेच लावत जा, उघडा राहिला की भात वाळून कडक होतो.

माझं सगळ्यात आवडतं खाओ लाम. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर आणि काळे चवळीसारखे दाणे भरून निखाऱ्यावर भाजतात. बांबू केळ्यासारखा सोलायचा, आतला पातळ पापुद्रा भाताला चिकटून येतो आणि धुराचा वास अगदी आतपर्यंत मुरलेला असतो. जांभळ्या तांदळाचा मिळाला तर तोच घ्या. खाओ जीपण सोडू नका, भाताची चपटी वडी अंड्यात बुडवून कोळशावर भाजलेली, कडेने कुरकुरीत.

मेन रोडवरच्या एका कॅफेत हाच भात गार आणि कडक मिळाला, तोही प्लेटमध्ये काट्या-चमच्यासकट, आणि पैसे बाजारापेक्षा कितीतरी जास्त. त्यापेक्षा बाजारच बरा.

सुटे किप (लाओसचे पैसे) जवळ ठेवा आणि लवकर जा, उशीर केलात तर चांगला माल संपलेला असतो.