प्रोटॉनचा पल्ला तपासायला पेट घ्यावं की प्रॉम्प्ट गॅमा?

कर्करोगाच्या गाठीवर मारला जाणारा १५० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात जवळजवळ १६ सेंमी जाऊन थांबतो. उपचाराचं नियोजन करताना बरीच केंद्रं या पल्ल्याच्या साडेतीन टक्के आणि वर १ ते ३ मिमी एवढं मार्जिन धरतात. म्हणजे गाठीपलीकडच्या साडेसहा ते साडेआठ मिमी निरोगी भागाला आपण जाणूनबुजून पूर्ण मात्रा देतो. गाठीला खेटून मेंदूचा देठ असेल तर एवढं अंतर फार होतं. मग नियोजन करणारे त्या दिशेने किरण सोडणंच टाळतात आणि ठरल्या जागी थांबण्याच्या ज्या गुणासाठी प्रोटॉन निवडला, तोच गुण वाया जातो. म्हणून पल्ला प्रत्यक्ष रुग्णात तपासणं मला चैनीचं काम वाटत नाही.

या कामासाठी सर्वांत जास्त वापर झाला तो पेटचा, म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या स्कॅनचा. किरणांमुळे शरीरात कार्बन-११, ऑक्सिजन-१५ अशी पॉझिट्रॉन सोडणारी अणुकेंद्रं तयार होतात आणि स्कॅनर त्यांचा नकाशा काढतो. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआयमध्ये १९९७ ते २००८ या काळात कार्बन आयनांनी चारशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले, तेव्हा पेटचे डिटेक्टर उपचाराच्या टेबलापाशीच बसवलेले होते. कार्बनला पेट मानवतंही, कारण कार्बन आयनाचाच एखादा तुकडा कार्बन-११ होऊन पल्ल्याच्या टोकाजवळ थांबतो आणि तिथे ठळक शिखर दिसतं. प्रोटॉनचं तसं नाही. ऑक्सिजन-१५ तयार व्हायला प्रोटॉनमध्ये किमान १६-१७ एमईव्ही ऊर्जा लागते, त्यामुळे टोकाच्या काही मिमी आधीच नकाशा संपतो. शिवाय ऑक्सिजन-१५ चं अर्धायुष्य दोन मिनिटांचं. रुग्णाला शेजारच्या खोलीतल्या स्कॅनरवर नेईपर्यंत ते बहुतेक संपलेलं असतं, आणि कार्बन-११ चं अर्धायुष्य वीस मिनिटांचं असलं तरी त्यातलं काही रक्ताने वाहून नेलेलं असतं. स्कॅनर आधीच आहे म्हणून ही पद्धत स्वस्त वाटते, पण मिळणारं उत्तर उशिराचं आणि पुसट असतं.

प्रॉम्प्ट गॅमात, म्हणजे तत्काळ सुटणाऱ्या गॅमा किरणांत, ही अडचण नाही. प्रोटॉनने डिवचलेलं कार्बनचं अणुकेंद्र ४.४४ आणि ऑक्सिजनचं ६.१३ एमईव्हीचा गॅमा नॅनोसेकंदाच्याही आत सोडतं. रक्ताला काही वाहून न्यायला वेळच मिळत नाही. ड्रेस्डेनमध्ये २०१५ साली फटीतून गॅमा टिपणारा कॅमेरा पहिल्यांदा रुग्णाच्या उपचारात वापरला गेला, पुढे फिलाडेल्फियात गाठीवर ठिपक्याठिपक्याने फिरणाऱ्या स्कॅनिंग किरणासोबत. पल्ल्यातला सुमारे २ मिमीचा बदल त्यात कळू शकतो. मात्र एका ठिपक्यातून मिळणारे गॅमा मोजके असतात, न्यूट्रॉनचा गोंधळ वेगळाच, त्यामुळे शेजारचे ठिपके एकत्र करूनच भरवशाचा आकडा निघतो. कॅमेरा जडही असतो. रुग्णाभोवती किरण फिरवणारी चौकट, म्हणजे गॅन्ट्री, फिरताना तो कुठे उभा करायचा, हा प्रश्न कागदावर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे.

मात्रा पडताना उमटणारा ध्वनी ऐकण्याची पद्धतही आहे. तिला किरण सूक्ष्म स्पंदांत लागतो आणि वाटेत हवेची पोकळी किंवा जाड हाड चालत नाही. सलग किरण देणाऱ्या सायक्लोट्रॉनवर (प्रोटॉनना वेग देणाऱ्या यंत्रावर) ती आज विचारात घेऊ नये.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले, तिथला सायक्लोट्रॉनही सलग किरण देणारा. अशा यंत्रावर निवड करायची तर मी प्रॉम्प्ट गॅमा म्हणेन. कार्बनचं केंद्र असेल तर टेबलापाशीच बसवलेलं पेट. या दोन्हींच्या आधी दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी काढलेला ड्युअल एनर्जी सीटी घ्यावा. साध्या सीटीत क्ष-किरणांचं शोषण मोजलं जातं आणि प्रोटॉन किती अडेल हे त्यावरून ताडावं लागतं, मार्जिनचा मोठा वाटा तिथूनच येतो. रुग्ण वाळला, सायनस भरला, तर ते मात्र उपचाराच्या दिवशीच पकडावं लागतं.

आणि खरेदीआधी डॉक्टर व भौतिकतज्ज्ञांनी बसून एक गोष्ट लिहून ठेवावी: ४ मिमीचा फरक दिसला तर किरण तिथेच थांबवायचा, की त्या दिवसाचा डोस पुरा करून नवा सीटी काढायचा, आणि हे सांगायचा अधिकार कुणाचा.