चिनी शॉर्टवेव्ह रेडिओ: टेक्सन, एक्सएचडेटा की पांडा?

सोनीने आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर हा सेट बंद केला, तेव्हापासून खिशाला झेपेल असा नवा शॉर्टवेव्ह सेट, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं पकडणारा रेडिओ, जवळपास चिनीच. तैवानचा सँजीन आहे, पण महाग. मग घ्यायला निघालं की कुणी ना कुणी म्हणतंच, 'चिनी माल, त्यांचं सरकार आत बसलेलं असणार.' उचलली जीभ लावली टाळ्याला! साधा रिसीव्हर फक्त ऐकतो. त्याला ना सिम, ना वायफाय. तो कुणाला काय कळवणार? तरी सरकारचा प्रश्न अगदीच फोल नाही.

आधी पांडा. नानजिंगचा हा कारखाना १९३६ चा, आज चायना इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या सरकारी समूहात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जून २०२० मध्ये चिनी लष्कराशी जोडलेल्या कंपन्यांची यादी काढली, तीत पांडा इलेक्ट्रॉनिक्स ग्रुपचं नाव होतं. पण ग्राहकाला नडतं ते वेगळंच: पांडाच्या बऱ्याच सेटांवरची बटणं चिनी अक्षरांत. हौस म्हणून घ्यायचा तर घ्या. रोज ऐकायला मी घेणार नाही.

टेक्सन खासगी, ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगग्वानची. अमेरिकेत ग्रुंडिग एस३५० म्हणून विकला गेलेला सेट मुळात हिचाच बीसीएल-२०००. पीएल-३३० खिशात मावतो. त्यात एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीचं प्रसारण ऐकायची सोय आहे, म्हणजे हॅम मंडळींच्या, हौशी बिनतारीवाल्यांच्या, गप्पाही लागतात, आणि सिंक्रोनस डिटेक्शनही (सिंक) आहे. शेजारच्या दांडग्या स्टेशनची खरखर एका बाजूने येत असेल, तर सिंकमध्ये आपल्या स्टेशनच्या लहरीची दुसरी बाजू निवडायची. क्षीण आवाज पुष्कळदा सुधारतो. बॅटरी जुन्या नोकियाची बीएल-५सी, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळणारी.

एक्सएचडेटा डी-८०८ मध्ये एसएसबी आहे, सिंक नाही. बदल्यात विमानांचा पट्टा मिळतो. विमानतळाजवळ राहणाऱ्याला वैमानिकांचं बोलणं ऐकू येतं. बॅटरी १८६५० नावाचा लिथियम सेल, जास्त पुरणारा. गंमत अशी, की याच्या पोटातली डीएसपी चिप, म्हणजे आलेल्या लहरींवर आकड्यांनी काम करणारी, घडवली अमेरिकेतल्या सिलिकॉन लॅब्सने.

मग सरकार कुठे आहे? थोडं डायलवर. चिनी सेटांचा एफएम पट्टा अनेकदा ७६ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून खालून सुरू होतो, कारण तिथे कॅम्पस रेडिओला ७६ ते ८७ चा पट्टा दिलेला आहे. अनेक विद्यापीठांत इंग्रजीच्या सीईटी (कॉलेज इंग्लिश टेस्ट) परीक्षेचा ऐकण्याचा भाग एफएमवरूनच होतो, म्हणून विद्यार्थी रेडिओ घेतात.

आणि पुष्कळसं हवेत. परदेशी स्टेशनांच्या चिनी वा तिबेटी भाषेतल्या कार्यक्रमाच्या अगदी त्याच फ्रिक्वेन्सीवर बीजिंगचं पहिलं केंद्र, सीएनआर-१, चढवलं जातं, म्हणजे मूळ कार्यक्रम ऐकूच येऊ नये. पूर्वी झांजा-ढोलांचं संगीत अखंड वाजायचं, ज्याला श्रोते 'फायरड्रेक' म्हणत. २०१३ मध्ये बीबीसीने आपल्या इंग्रजी प्रसारणाच्या अडवणुकीबद्दल जाहीर तक्रार केली. यावर पीएल-३३० चं सिंकसुद्धा हात टेकतं. तो उपाय शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा आहे. म्हणजे एकीकडे स्टेशनं दाबायची आणि दुसरीकडे तीच पकडणारे उत्तम सेट जगाला विकू द्यायचे! ग्वांगडोंगच्या कारखानदारांना निर्यात हवी, सरकारलाही हवी, म्हणून हे चालतं.

संशय घ्यायचाच तर चोयोंग एलसी९० सारख्या जोडसेटांवर घ्या. त्यात शॉर्टवेव्हसोबत इंटरनेट रेडिओही आहे. इंटरनेटची स्टेशनं कंपनीच्या यादीतून येतात, यादी सर्व्हरवर, आणि चीनचा २०१७ चा गुप्तवार्ता कायदा तिथल्या संस्थांना सरकारला सहकार्य करायला लावतो. त्यातला शॉर्टवेव्ह मात्र निर्धास्त वापरावा.

कुठलाही घ्या, एक सेटिंग आल्याआल्या तपासा: मीडियम वेव्हची पायरी, म्हणजे डायल एका वेळी किती किलोहर्ट्झ पुढे सरकतो ते. आपल्याकडे ९ किलोहर्ट्झ, अमेरिकेत १०. सेट दहावर असला तर मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ ऐवजी आकडा ५६० वर जाऊन बसतो.

खरेदीचंही बघा. अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. तेव्हा इथल्याच ऑनलाइन दुकानातून, परत करण्याची सोय बघून घ्या, नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगा. सुटी १८६५० मात्र त्याला हातातल्या बॅगेतच ठेवायला लावा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. माझं मत विचाराल तर क्षीण स्टेशनांच्या मागे लागणाऱ्याने पीएल-३३० घ्यावा, बाकीच्यांना डी-८०८ पुरेल.