सिस्सूच्या रस्त्यावर २२,८०० रुपयांचा गंडा

आधीच सांगतो, गाडी माझ्या हातून पडली नाही. घसरली नाही, कशाला घासलीही नाही. घरच्यांनीसुद्धा "कुठेतरी टेकली असेल रे" असं म्हणून बघितलं, म्हणून हे पहिल्याच ओळीत. तरीही हिमाचलमधल्या कुल्लू खोऱ्यातल्या एका भाड्याने बाइक देणाऱ्याने माझ्याकडून २२,८०० रुपये काढले, तेही भरदिवसा, समोर बसवून, चहा पाजून. दुकानाचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे.

बेत साधा होता. मी आणि बायको, साडेतीनशे सीसीची बुलेट, सोलांगवरून अटल बोगदा, पलीकडे चंद्रा नदीच्या काठाने सिस्सू गाव, तिथे मुक्काम आणि परत. भाडं ३,६००, अनामत ५,०००, वर "परमिट"चे १,१००. पहिली चोरी ही. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, त्या वाटेने जायचं तर परवाना लागतो आणि तो ऑनलाइन आपला आपण काढता येतो. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून सिस्सूला जायला तो लागतच नाही. कागद मागितला तर म्हणाला, "नंबर सिस्टम में चढ़ गया है, कोई नहीं पूछेगा." कोणी विचारलं नाही हे खरंच, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आता तो चिखल. गाडी बाहेर आणली ती मडगार्डपासून सायलेन्सरपर्यंत चिखलाने माखलेली. शेजारच्या दोन गाड्या लख्ख धुतलेल्या, आमचीच तेवढी तशी. मी व्हिडिओ काढायला मोबाइल वर केला तर त्याने हसत माझ्या हातावर हात ठेवला. "ऊपर बारिश है, अभी धोएँगे तो घंटे भर में फिर वैसी. निकलो आप, नहीं तो सोलांग पे जाम लगेगा." तोच क्षण. रात्री झोपताना अजून तो हात दिसतो. पण मला सांगा, पावसाळी घाटात गाडीला चिखल असणं संशयास्पद कसं वाटणार? आमच्याकडे कोणीही गाडी देताना असंच बोललं असतं. आणि बॅगा दुकानात ठेवून जा, फुकट सांभाळतो, हा प्रस्ताव तर मला चक्क माणुसकी वाटला. बॅगेत लॅपटॉप होता, बायकोची थायरॉइडची औषधं होती.

परत आल्याबरोबर पोऱ्याने पाइप लावून गाडी धुतली. त्या वेळी मात्र धुवायला वेळ होता! चिखल उतरला आणि यादी सुरू झाली: सायलेन्सर ६,४००, क्रॅश गार्ड ३,८००, पुढचा फोर्क ७,५००, आणि गाडी दुरुस्तीला राहील त्या चार दिवसांचं भाडं हजाराने ४,०००. एकूण २१,७००. मी वाकून बघितलं तर सायलेन्सरवरच्या ओरखड्याच्या आत गंज होता. गंज रात्रीत धरत नाही हो! तेच बोललो, तर तीन पोरं दाराशी येऊन उभी राहिली आणि बॅगांच्या खोलीची किल्ली मालकाने खिशात टाकली. दिल्लीची बस तासाभरावर. माझ्या जागी तुम्ही असता तर बायकोला तिथे उभं ठेवून वाद घातला असता का? अनामत वजा करून १६,७०० यूपीआयने भरले. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, कोणा बाईचं होतं. १६,७००, बुडालेली अनामत ५,००० आणि परमिटचे १,१००, करा बेरीज.

बॅगा मिळाल्यावर बस सोडून चौकीत गेलो. ठाणे अंमलदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा आपसातला दिवाणी मामला आहे, पैसे तर तुम्हीच दिलेत. सामान अडकवून, माणसं उभी करून पैसे घेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे खंडणी, मग दिवाणी कसं? अर्ज हिंदीत लिहून दिला, पोच दिली नाही. "रिपोर्ट लिखवानी है तो रुकना पड़ेगा." कुठे रुकना? कोणाच्या पैशाने? इकडे आलो तर आमच्या ठाण्यात सांगितलं की गुन्हा तिकडचा, तिकडेच जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता तक्रार नोंदवायची, झिरो एफआयआर करायची, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते मी मोबाइलवर उघडून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "आम्हाला कायदा शिकवू नका." बँकेचं उत्तर, पिन तुम्ही स्वतः टाकलात. परिवहन कार्यालयाला मेल केला, उत्तर नाही. पर्यटकांसाठीच्या पोर्टलवर तक्रार केली, ती कोणाचाही फोन न येता "निकाली" निघाली. पर्यटक म्हणजे परवा निघून जाणारा माणूस, हे दुकानदाराला जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच या सगळ्यांना.

परिवहनला मेल कशासाठी, तर नंबर प्लेट. भाड्याने स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. आमची पांढरी होती, म्हणजे खासगी नोंदणी. वर अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात झटकले असते, हे आठवलं की पैशापेक्षा जास्त अंगावर काटा येतो. पांढरी पाटी दिसली तर भाड्याचं बोलूच नका.

गाडी धुऊन मागा. तुमच्यासमोर. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. व्हिडिओत खालून सायलेन्सर, फोर्कची सीलं, किलोमीटरचा आकडा आणि मालकाचा आवाज हवा. सामान हॉटेलात ठेवा, दोनशे-तीनशे गेले तरी चालतील. मूळ आधार कार्ड कोणाच्या ड्रॉवरमध्ये सोडू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. हे मला चौकीत, बँकेत, कुठेच कोणी सांगितलं नाही. माझा अर्ज तयार आहे. निघाल्यावर पहिल्याच चहाच्या थांब्यावर बायकोने काढलेल्या फोटोत चिखलाच्या भेगेतून क्रॅश गार्डचा बाक दिसतो, फोटोवर वेळ आहे, दुकानाची पावती आहे, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आहे. त्या खोऱ्यात कोणाकडून असेच पैसे काढले गेले असतील तर तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका. माझ्या एकट्याच्या कागदाला तो दुकानदार गैरसमज म्हणेल, दहा कागदांना म्हणता येणार नाही.